देणगी नको, वर्गणी द्या

शेकेलमावशींच्या एकाही कपड्याला खिसा नव्हता. हिवाळ्याच्या जाड कोटाला होते, पण तेही त्यांनी शिवून टाकलेले. चष्मा, किल्ल्या, ट्रेनचं कार्ड, सगळं गळ्यातल्या कापडी पिशवीत. विचारलं की सांगायच्या, "जेरुसलेमच्या जुन्या मंदिरात खजिन्यातून पैसे काढायला जाणाऱ्याच्या कपड्याला दुमडसुद्धा चालत नसे. उद्या तो श्रीमंत झाला, तर लोक म्हणतील, देवाच्या पैशावर झाला." आणि मावशी आमच्या मंडळाच्या खजिनदार होत्या.

मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या विद्यापीठात प्राचीन ज्यूंच्या मंदिर-करावर संशोधन करण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर हार्लेमला राहायच्या. दरवर्षी प्रत्येकाने अर्धा शेकेल, म्हणजे चांदीचं अर्धं नाणं, भरायचा, हा त्या कराचा नियम त्या इतक्यांदा सांगत की आडनाव मागे पडलं आणि हे नाव चिकटलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या आमच्या गणपतीची वर्गणी एका ज्यू बाईने गोळा करावी, याची नव्या माणसांना गंमत वाटे. "माझ्या देवाला मूर्ती चालत नाही," मावशी म्हणत, "पण हिशेबातला घोळ कुठल्याच देवाला चालत नाही." आरतीला हात जोडायच्या नाहीत; दाराशी पावतीपुस्तक घेऊन ताठ उभ्या असायच्या.

वर्गणी माणशी वीस युरो. कोणी कौतुकाने पन्नास पाठवले, तर तीस परत. "श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी द्यायचं नाही. तोरामध्ये लिहिलंय." तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ, पण मंडळात सगळे म्हणत, तोरा मावशींचाच. वर जोडायच्या, "वर्गणी म्हणजे वाटा. देणगी म्हणजे उपकार. उपकाराची पावती माझ्याकडे नाही."

त्या वर्षी माझी नोकरी गेली. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही, तर परमिट रद्द आणि मी पुण्याला परत. मावशींना फोन केला.

"मावशी, या वर्षी मला सोडा ना. लेऑफ झालाय."

"वीस युरो."

"अहो, डाळ-तांदूळ मोजून आणतेय मी!"

"मग दहा-दहाचे दोन हप्ते कर. पण सोडणार नाही."

ही बाई माणूस आहे की वसुली खातं? मी रडले, मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या आणि रागारागाने वीसच्या वीस पाठवून दिले. दोन दिवसांनी पोस्टाने पावती आली.

गणपतीआधी सभा झाली. हॉलचं भाडं वाढलं होतं. आमच्यातल्या एका धनाढ्य गृहस्थांनी, त्यांना सगळे शेठ म्हणत, सगळा खर्च एकट्याने उचलायची तयारी दाखवली. वर्गणीच बंद! बदल्यात पहिली आरती दरवर्षी त्यांच्या घरची आणि कार्यक्रमही तेच ठरवणार. टाळ्या पडल्या. फुकटचा गणपती कोणाला नको?

मावशी एकट्या उठल्या. "मग हा गणपती शेठजींचा. तुम्ही सगळे पाहुणे."

"तुम्ही तर आरतीला हातही जोडत नाही, मावशी," अध्यक्ष म्हणाले. हशा पिकला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझाही विरोध आहे," म्हणत मी उभी राहिले.

शेठ गोड हसले. "अगं, तुझी नोकरी गेलीय. तुझ्यासारख्यांसाठीच तर करतोय मी हे."

अख्खा हॉल माझ्याकडे कीव करत बघत होता. मी म्हणाले, "माझी वर्गणी भरलेली आहे, शेठ. तुमच्याइतकीच."

तेव्हा कुठे मला कळलं, मावशींनी मला का सोडलं नव्हतं. सोडलं असतं, तर त्या दिवशी मला बोलायला तोंड उरलं नसतं.

ठराव तरीही मंजूर झाला. मावशींनी पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्या चालू लागल्या. त्यांच्यामागे मी. मेट्रोच्या फलाटावर वळून पाहिलं, तर आणखी अकरा जण आले होते.

मला वाटलं, आता तरी मावशी पाठ थोपटतील. त्या म्हणाल्या, "नवं मंडळ काढू. अध्यक्ष तू."

"मावशी, पुढच्या महिन्यात मी या देशात असेन की नाही, माहीत नाही!"

"असशील तोवर हो."

मावशी जाऊन दोन वर्षं झाली. मी अजून आहे.