गुडघ्यावरचं आभाळ

रफूकाका बोलताना समोरच्याच्या बाहीकडे बघत. फाटलंय कुठे ते त्यांना आधी दिसे, माणूस मागाहून. चाळीस वर्षं उजवा गुडघा उभा करून, त्यावर कापड ताणून त्यांनी लोकांचे कोट धडके केले होते.

त्यांच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली, पण यकृतात तीन डाग उरले. शिरेतून दिलेल्या औषधांना ते दाद देईनात.

"आता औषध अंगभर फिरवायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट यकृतापर्यंत नेऊ आणि औषध भरलेले मणी सोडू, रेतीहून बारीक. लागू पडलं की नाही, ते महिन्याने कळेल."

"म्हणजे फाटलंय तिथेच टाका."

"दवाखान्यातही दुकान मांडा तुम्ही," काकू पुटपुटल्या.

नळी आत जाताना काका अर्धवट जागे होते. गुंगीने खोलीचे कोपरे विरघळले. पडद्यावर एक काळी रेघ उमलली, तिला फाटे फुटले, फाट्यांना केसाएवढे फाटे. करड्या रेशमावर धागा आपली वाट आपणच शोधत चालला होता. काकांना वाटलं, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी उजेड हलतोय.

खाटेवर आणल्यावर परिचारिकेने बजावलं, "सहा तास पाय सरळ. अजिबात वाकवायचा नाही."

काकांनी मान डोलावली, डोळे मिटले आणि दुकान उघडलं. कोट आला होता, आभाळाएवढा. एवढा ताणायचा कसा? त्यांनी गुडघा उभा केला, चादर वर ओढली. बोटं हवेत सुई चालवू लागली.

"अहो, पाय!"

चादर लाल होत होती. परिचारिका धावत आली आणि जांघेवर तळहात रोवून वीस मिनिटं तशीच उभी राहिली.

"काय चाललं होतं, काका?"

"गिऱ्हाईक आलं होतं," काका ओशाळून म्हणाले.

"त्याला सांगा, आज दुकान बंद."

रक्त थांबलं. उरलेले तास काकू त्यांचा गुडघा दाबून बसल्या. हात अवघडला, तरी उचलला नाही.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी नवा स्कॅन उघडला. "दोन डाग आकसलेत. तिसरा आहे तेवढाच, पण वाढलेला नाही. त्याच्यासाठी पुन्हा एकदा आत जाऊ या."

काकू रडायला लागल्या. दोनांसाठी की एकासाठी, त्यांनाही सांगता आलं नसतं.

काका उठले. "तारीख लिहून ठेवा, बाई. मी आधी हिला चहा पाजून आणतो."