कापलेली तार

वाटणीत दादाला मळ्यातलं घर आलं, मला गावातलं घर आणि वडील. आमच्याकडे म्हातारी माणसंही वाट्याला येतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. केबल तेवढी सामाईक राहिली. दादाच्या गच्चीवर फाटा फोडून तीच वायर उसाच्या कडेनं माझ्याकडे आणली होती.

वडील फौजेत टेलिफोनच्या तारा ओढायचे. वायर कशी सोलायची, मधली तांब्याची तार नखाएवढी पुढं कशी ठेवायची, हे आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. सव्वीस जानेवारीचं संचलन ते टीव्हीसमोर उभं राहून बघतात. यंदा नेमकं त्याच्या तोंडावर आमच्याकडचं चित्र फुटायला लागलं. चौकोन चौकोन, मग नुसता निळा पडदा.

"वायर लांब हाय. सिग्नल वाटंतच मरतोय," वडील म्हणाले.

पटलं मला. पाटाच्या शेवटच्या रानालाही पाणी कमीच मिळतं. मळ्याच्या कुंपणापासून घरापर्यंत जाड केबल ओढली. जोडात पाणी शिरलं की सिग्नल जातो, म्हणून वाटेतला प्रत्येक जोड नवा करून टेप गुंडाळली. गच्चीवरचा जोड आडोशाला होता, त्याला हात लावला नाही. चित्र काही सुधारेना. वडील संचलन बघायला दादाकडे गेले ते तिकडेच राहिले.

"हितं लय साफ दिसतंय रं," फोनवर म्हणाले.

शेवटी एका सकाळी दादाच्या गच्चीवर चढलो. माझ्याकडे येणाऱ्या वायरीचा कनेक्टर वरून एकदम घट्ट होता. फिरवून काढला, तर आतली तार पकडीनं मुळापासून छाटलेली.

माझं डोकंच फिरलं. "आबांना न्यायचं होतं तर तोंडानं मागायचंस की!" मागोमाग वर आलेल्या दादावर ओरडलो. तो वडिलांकडे बघायला लागला.

गच्चीच्या कोपऱ्यात उन्हाला बसलेले वडील म्हणाले, "त्याला कशाला बोलतोस? मी कापलीया ती."

"का, आबा?"

"तुमचं काय चुकलं न्हाई. मला तिथं करमत न्हवतं. पर धाकट्यानं सांभाळलं न्हाई, असं गावानं म्हणू नये. टीव्हीचं निमित्त बरं वाटलं."

विश्वासघात हा शब्द बापासाठी वापरवत नाही, पण मला दुसरा सापडलेला नाही. कुंपणापासून घरापर्यंत मी केबल ओढत होतो, तेव्हा हाच माणूस बांधावर उभा राहून 'ताण देऊ नगंस' म्हणत होता.

वायर नव्यानं सोलली. तांबं नखाएवढं पुढं ठेवलं आणि कनेक्टर आवळला.

"नीट बसला का रं?" वडिलांनी विचारलं.

मी पकड उचलली आणि जिना उतरलो.