फ्रीट आणि दह्याची वाटी

अमेरिकेतल्या पार्सिपनीत आमच्या शेजारी एक गोऱ्या आजी राहायच्या, निवृत्त ग्रंथपाल. आधी त्यांचे उपकार सांगते. त्या नसत्या तर मी परत गेले असते, आणि नागपुरात माझ्या मुलीचं नर्सिंग अर्धवट सुटलं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सातवीत शाळा सोडलेली, विधवा. आमच्याकडच्याच एका कुटुंबाचं घर सांभाळायला आले होते. घरच्या साहेबांचा इंटरव्ह्यू असला की त्यांची बायको, म्हणजे ताई, गोड आवाजात म्हणायच्या, "मावशी, कार जाईपर्यंत मागच्या डेकवर थांबा हं, प्लीज. निघताना तुमचं तोंड नको." त्या उघड्या डेकवर बर्फ असला तरी तेच. एकदा दार आतून लावून त्याही ऑफिसला गेल्या. विसरल्या मला.

आजींनी खिडकीतून पाहिलं आणि मला घरात ओढून नेलं. बोटं बधिर झाली होती. बाहेर का उभी, असं त्यांनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "बॅड लक."

त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली. हातवारे करत, हळूहळू समजावलं. त्यांच्या स्कॉटिश आजीच्या तोंडी अंधश्रद्धेला एक जुना शब्द होता, फ्रीट. उत्तरेकडच्या फार जुन्या भाषेतून आलेला. मुळात अर्थ एवढाच, विचारणं. पुढे काय होईल ते लोक देवाला विचारायचे. मग तो शब्द शकुनाला चिकटला, आणि शेवटी असल्या समजुतींना.

"तू विचारलंस का त्यांना?" आजी म्हणाल्या.

पुढच्या इंटरव्ह्यूला ताई साहेबांच्या तळहातावर दही-साखर ठेवत होत्या. मी तिथेच उभी राहिले.

"ताई, दही माझ्या हातचं चालतं, मग तोंड का नाही?"

साहेब हसले. "मावशींना अमेरिका चढली, यार!"

ताई हसल्या नाहीत. "दही उरलं तर फेकता येतं, मावशी. तुम्हाला इथे ठेवून घेतलं, हेच चुकलं."

साहेबांना ती नोकरी मिळाली नाही. संध्याकाळी ताईंनी माझी बॅग दारात ठेवली. "नवरा खाल्लात, आता आमचं घर नको." परतीचं तिकीट उद्याचंच काढणार होत्या.

आजींनी फोन फिरवले, पिस्कॅटवे गावात माझ्या कामासाठी दुसरं घर शोधलं, स्वतः ड्राइव्ह करून मला सोडलं. माझ्या मुलीचं नर्सिंग पुरं झालं.

आता नव्वदी गाठलेल्या आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. त्या निघतील तेव्हा मी त्यांच्या दारात, अगदी समोर उभी राहीन आणि माझ्या हातचं दही त्यांच्या तळहातावर ठेवीन. एवढं तरी फेडीनच.