घरच्या कापसाची गादी

माझ्या मोठ्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला. केमोचा पहिला टप्पा तिला बरा गेला. दुसऱ्यानंतर घरी आली आणि आठवडाभरात ताप चढला. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं : या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात, त्या काळात ताप आला तर घरी गोळी घेऊन वाट बघायची नाही. त्यामुळे तिला लगेच दाखल केलं. अँटिबायोटिक सुरू झाली, मग बदलली, तरी ताप हटेना. छातीच्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात डाग दिसले.

कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, "उद्या इन्फेक्शनच्या डॉक्टर येतील. पुढचं त्यांना विचारून ठरवू."

दाजी मला खोलीबाहेर घेऊन आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. बँकेत नोकरी, गावी करमाडला शेती.

"ह्या कोण आता नव्या? कॅन्सरच्या डॉक्टरला ताप कळंना व्हय?"

मी वृत्तपत्रात काम करतो, आरोग्याच्या बातम्या नेहमी हाताखालून जातात. पण संसर्गरोगतज्ज्ञ कॅन्सरच्या रुग्णापाशी नेमकं काय करतात, हे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या आल्या, आधी हात धुतले. मग ताईला जीभ दाखवायला सांगितली. केमोसाठी दंडात बसवलेल्या नळीभोवतीची कातडी दाबून पाहिली, नखं पाहिली, बसायच्या जागेला दुखतं का विचारलं. ताई संकोचली. दाजी खिडकीबाहेर बघू लागले. त्यानंतर डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि घराची चौकशी सुरू झाली.

"घरात काही बांधकाम? फरशी, पाडापाडी?"

"नाही," दाजी म्हणाले.

"शेजारी, वरच्या मजल्यावर?"

"नाही."

"कुंड्या, कबुतरं, धान्याची पोती, चारा? धुरळा उडेल असं काहीही?"

कोपऱ्यात ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. ताई त्यांना आत्या म्हणते. आजार कळला तेव्हापासून त्या करमाड सोडून लेकाच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या आणि ताईचं सगळं त्याच करत होत्या. त्या पुढं सरकल्या.

"डॉक्टरीणबाई, घर आरशावानी ठेवलंय मी. पायपुसणं सुदिक रोज धुते. धुळीचा कण दावा, कान कापून देते."

"कान राहू द्या, आजी. मी सांगेन ते ऐकायला लागतील," डॉक्टर म्हणाल्या.

सासूबाई हसल्या. ताईनं डोळे मिटून घेतले. तिला दम लागला असेल असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, "हे डाग टीबीचे असू शकतात, बुरशीचे असू शकतात. आपल्याकडं फुप्फुसात डाग दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू करायची घाई होते. पण त्यातली एक गोळी बुरशीच्या औषधाचा जोरच काढून घेते. चुकीच्या बाजूनं गेलो तर परत फिरायला वेळ नाही. फुप्फुसातून नमुना काढावा तर प्लेटलेट कमी आहेत, रक्तस्राव होईल. एक रक्ततपासणी पाठवलीय, ती येईपर्यंत हातात काही नाही. म्हणून एवढं विचारत बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स चादर बदलत होती. ताईला खुर्चीवर बसवलं होतं. रेक्झिनची गादी उघडी पडली, तशा सासूबाई म्हणाल्या, "ही काय गादी म्हणायची, पोरी? पाठीची सालं निघतील. आमच्या घरी येऊन बघ एकदा."

"हो का? आजी, मला पण पाठवून द्या एक," नर्स म्हणाली.

"तुला देते की, आधी हिला नीट कर. विकतचा कापूस नाय त्यात. घरचाय, आमच्या वावरातला. करमाडच्या माळ्यावर माझ्या दोन जुन्या गाद्या पडल्या होत्या, त्या आणल्या. शहागंजच्या बाजारातून नवीन खोळीचं कापड घेतलं, पिंजाऱ्याला घरी बोलावला आणि समोर बसून कापूस पिंजून घेतला. सावरीवानी झालीय."

डॉक्टर तेवढ्यात आत आल्या होत्या. दाराशीच थांबून त्यांनी विचारलं, "कधी पिंजून घेतली, आजी?"

"ही दुसऱ्या केमोहून घरी आली तवा. पाठ टेकवत नव्हती बिचारी."

"कुठं पिंजली?"

"हॉलमदी. गच्चीवर भुरभुर होती, कापूस भिजला असता."

"आणि माळ्यावर? गळतं का तिथं?"

"पत्राय, थोडंफार गळायचंच. एक कोपरा काळा पडला व्हता कापसाचा. तेवढा मी हातानं काढून टाकला. बाकीचा चांगला..."

बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. डॉक्टरांनी ताईकडं पाहिलं. "तुम्ही तेव्हा कुठं होता?"

"आतल्या खोलीत," ताई म्हणाली. "दार लावलं होतं. पण फटीतून बारीक कापूस येत होता."

"काल मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही बांधकामाचं विचारत होता, डॉक्टर."

ताईला प्रश्न कळला नव्हता असं नाही. सासू समोर बसलेली असताना तिला ते सांगायचं नव्हतं. डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तो विषय तिथंच सोडला.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हंजे माझ्यामुळं झालं?"

"आजी, बुरशीचे कण हवेत सगळीकडं असतात. तुमच्याआमच्या छातीत रोज जातात, आपल्या पेशी त्यांना मारतात. हिच्याकडं त्या पेशी नव्हत्या. ते गादीतूनच आले असं मी म्हणू शकत नाही. कुणालाच म्हणता येणार नाही."

"मग गादीतून आले न्हाईत, असं तरी म्हणा की."

डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही.

त्याच दिवशी बुरशीवरचं औषध सुरू झालं. टीबीच्या गोळ्या सुरूच केल्या नाहीत. मागाहून आलेली रक्ततपासणीही बुरशीकडंच बोट दाखवत होती. ताप हळूहळू उतरू लागला, आणि मग दुसरा पेच उभा राहिला. पुढच्या केमोची वेळ टळून चालली होती. दोन्ही डॉक्टर व्हरांड्यात बोलत होते, ते आम्हाला ऐकू येत होतं.

"थांबलो तर कॅन्सर उसळेल," कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले.

"आणि आत्ता पेशी पुन्हा पाडल्या तर फुप्फुस जाईल. मला थोडा वेळ द्या."

दाजी माझ्याकडं वळले. "एक म्हणतोय थांबू नका, एक म्हणतेय थांबा. कोर्टात गेल्यावानी झालंय. ऐकायचं कुणाचं?"

शेवटी दोघं मिळून आत आले. केमो थोडी पुढं ढकलायची, पुन्हा स्कॅन करायचा, डाग आटोक्यात दिसले तर कमी मात्रेनं द्यायची आणि बुरशीचं औषध त्याबरोबर चालू ठेवायचं, असं ठरलं. दोन्हीकडं धोका आहे, हे त्यांनी लपवलं नाही. ताईनं एवढंच विचारलं, "तुमचं दोघांचं एकमत आहे ना?" दोघं हो म्हणाले.

ती घरी यायच्या आधी दाजींनी गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून करमाडला नेली आणि वावरात जाळली. सासूबाई सोबत गेल्या नाहीत. घरात आता रेक्झिनची फोमची गादी आहे, रुग्णालयातल्यासारखीच.

परवा नवा स्कॅन झाला. डाग लहान झालेत, गेलेले नाहीत. सोमवारी केमो आहे.

काल मी गेलो तेव्हा सासूबाई ताईच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या, तोंडाला मास्क. रुग्णालयातून आल्यापासून त्या आत गेलेल्या नाहीत. ताट दारापर्यंत आणतात, तिथून दाजी नेतात.

"आत्या, आत या की," ताई आतून म्हणाली. "पाय लई दुखायलेत."

"त्याला सांगते दाबायला. मी हितंच बरी."

मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, आजींना सर्दी-खोकला नसेल तर हात धुऊन, मास्क लावून खुशाल आत जाऊ द्या. त्यांच्यापासून काही धोका नाही. मी ते शब्द तसेच्या तसे सासूबाईंना सांगितले.

"माझं नाव घेऊन म्हणाली का?"

"हो. आजींना जाऊ द्या, म्हणाल्या."

"आन् गादीचं?"

"गादीचं काही बोलल्या नाहीत."

त्या उठल्या, मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलनं पुसले. परत आल्या आणि उंबऱ्याबाहेर होत्या तिथंच बसल्या. ताईनं पुन्हा हाक मारली नाही.