तिसऱ्या वर्षाचं लिंबू

तंजावूर स्टेशनाबाहेर मी बायकोशी फोनवर बोलत होतो. रिक्षावाल्याने मराठी ओळखलं आणि न विचारता मला मराठ्यांच्या राजवाड्यासमोर नेऊन सोडलं. मराठी माणूस आणखी कुठे जाणार, अशी त्याची ठाम समजूत. मला जायचं होतं पापनाशमच्या रस्त्याला, सेतुरावांच्या शेडमध्ये. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

सेतुराव तिथल्या जुन्या मराठी घरातले. भातशेतीच्या कडेला त्यांनी स्वतःचं संग्रहालय थाटलंय: मोट, लाकडी नांगर, भात मळायचा दगडी रूळ, ट्रॅक्टर, मोटारी. पाट्या मराठीत, पण तमिळ लिपीतल्या. मला एकही वाचता येईना. ते वाचून दाखवत, तेव्हा कळे.

"बऱ्या दिवशीं आलांत," ते म्हणाले. "आज आयुधपूजा (आपली खंडेनवमी). अस्क्या (सगळ्या) गाड्या आज चालतील."

त्यांच्या पत्नी पद्माबाईंनी हातावर सुंडल (खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ) ठेवलं. मीही बढाई मारून घेतली. म्हटलं, वडिलांची स्कूटर मीसुद्धा जपून ठेवलीय.

"चालते ना?" सेतुरावांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. गाडीने आपल्या जोरावर ते चिरडून पुढे यायचं, ही तिकडची रीत. सेतुरावांचा नियम त्याहून कडक. सलग तीन वर्षं जी गाडी लिंबू ओलांडत नाही, ती खोलायची आणि तिचे भाग चालणाऱ्या गाड्यांना द्यायचे. मी हसलो. असं कोण करतं?

ट्रॅक्टर धूर सोडत पुढे आला. एकेक मोटार आली. शेवटी राहिली काळी मोटार, आरशासारखी पुसलेली. पद्माबाई लग्न होऊन ओरत्तनाडूहून तिच्यातच आल्या होत्या. मागची दोन वर्षं ती लिंबावरच अडली होती, हे तिसरं.

सेतुरावांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. मिस्त्रीने बॉनेट उघडून खटपट केली. पुन्हा तेच. सेतुरावांच्या सदऱ्याची पाठ भिजली. मला राहवेना, मी ढकलायला पुढे झालो.

"ढकलूं नका," पद्माबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "पोदुम (पुरे). उतरा आतां."

"तूं हिच्यांत बसून आलीस, पद्मा. पुढच्या वर्षीं बघूं."

"आलें ना मी? पोचलें. तिचें काम झालें. मागें दुरुस्तीला काढलेली हिच्यासारखीच गाडी डायनॅमोवांचून अडली आहे, तिला द्या."

आणि त्यांनी मिस्त्रीच्या पेटीतला पाना उचलून नवऱ्याच्या हातात दिला. सेतुराव स्टिअरिंग सोडून उतरले आणि त्यांनी वाकून पहिला बोल्ट सैल केला. चाकांखालची चारही लिंबं अख्खी होती. मला राग आला, कुणाचा ते कळेना.

कोल्हापूरला परतलो तर पार्किंगमध्ये स्कूटरवर दसऱ्याचा झेंडूचा हार सुकला होता. बायकोने आठवणीने घातला होता. दरवर्षी मी घालतो आणि फोटो भावाला पाठवतो. बॅग तशीच दारात ठेवून मी किल्ली शोधायला लागलो. ड्रॉवर पाहिले, कपाट पाहिलं, देवघराचा खणही पाहिला.

"कसली किल्ली?" बायकोने विचारलं.

स्कूटरची म्हणायलाही मला लाज वाटली.