बाबांचे पाठमोरे शॉट

पहिल्या फिल्मची शॉट लिस्ट मी वहीत अशी आखली होती, की विचारू नका. ट्रायपॉड कुठं, कॅमेरा हातात कुठं, ऊन डोक्यावर यायच्या आत कुठले क्लोजअप उरकायचे, सगळं लिहिलेलं. बाबा कसे बोलतील, एवढंच लिहिलं नव्हतं.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्यभर राजा, पाटील, व्हिलन झालेले. माइक बंद पडला तरी मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवणारे. माझ्या फिल्ममध्ये त्यांनी चोरखमारा तलावाच्या पाळीवर उभं राहून, पाण्याकडं बघत, पुटपुटल्यासारखं एकच वाक्य म्हणायचं होतं, "यंदा पानी बरा हाये." पण त्यांनी छाती काढली, हात उंचावला आणि असे गरजले की काठावरचे बगळे उडाले. वर दरवेळी नजर थेट कॅमेऱ्यात!

"बाबा, हळू. कॅमेरा दोन हातांवर आहे."

"मंग मांगच्या लोकायले कसा आयकू येईन?"

मदतीला आलेले मित्र हसले. मी नाही हसलो. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणलेला कॅमेरा, ऊन चढत चाललेलं. सातव्या टेकला माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "हे तुमचं नाटक नाही! जमत नसेल तर सांगा." माझ्या जिभेला हाडच नाही.

बाबांनी उंचावलेला हात खाली घेतला. मग मीच तोडगा काढला, कॅमेरा त्यांच्या मागं लावायचा. चेहरा नको, डायलॉग नको.

"पब्लिककडे पाठ करू?" त्यांनी विचारलं. "आमच्यात पाप मानतेत, बापू."

"करा हो."

त्यांनी केली. एका टेकमध्ये. दुपारपर्यंत सगळे शॉट मी तसेच घेतले, मधेमधे तलावाचेही. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं, शॉट अजून उरले होते, तेव्हा झाडाखाली बसून सकाळचे सातही टेक डिलीट केले. बाबा शेजारीच डबा खात होते.

"वाईट होते का?"

मी हो म्हणालो.

पौषात बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि गोंदियाच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. फोटो आहेत, नाटकाची पोस्टरं आहेत. पण हलता-बोलता बाप माझ्याकडं कुठंच नाही. सात वेळा सरळ माझ्याकडं बघून बोलला होता तो. मीच उडवला त्याला, ह्या बोटानं. अजून सहन होत नाही मला ते.

तेरवीनंतर आई म्हणाली, दाखव तुझी फिल्म. भर दुपारी दार लोटून लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. नऊ मिनिटं ती डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिली.

"अन् तोंड?"

"होतं, आई. कार्डात जागा नव्हती, म्हणून काढून टाकलं."

ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "येवढा पानी दाखवाले जागा होती. तुया बापाले नोहती?"