लिहायचं नाही, हा घरचा कायदा

पौषातला वारा असा सुटला होता की समा भागातल्या सोसायटीत गच्चीवरच्या ओल्या चादरी अंगावर धावून येत होत्या. शैलाताई त्यांना एकेक चिमटा ठोकत होत्या आणि तोंडाने शाळेतल्या गणिताच्या बेनचा, म्हणजे बाईंचा, उद्धार चालला होता.

"कॉपी म्हणे! प्रधानांची पोर कॉपी करते!"

"आई, जाऊ दे ने," सलील खालून ओरडला. "कशाला झगडा?"

"तू गप! जाऊ दे ने करण्यातच तुझा जन्म गेला."

झालं होतं असं. एका पडद्याला पावणेतीन मीटर कापड, तर सहा पडद्यांना किती? सहावीतल्या सानवीनं, सलीलच्या लेकीनं, पेपरात नुसतं साडेसोळा लिहिलं. उत्तर बरोबर, पण वर रीत नाही, ओळ नाही. बेननी लाल पेनानं 'कॉपी' लिहून भर वर्गात वाचलं. तेव्हापासून बाकावर शेजारी कोणी बसेना. शाळा म्हटली की पोर पोट धरी.

प्रधानांच्या घरात हिशेब तोंडीच. सासरे जुन्या राज्याच्या कचेरीतल्या वळणाचे. पावकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकलेले; कागद मागेल तो ठोठ, म्हणजे ढ. नवी सून म्हणून शैलाताईंनी ती शिस्त रडत रडत गिळली, आणि पुढे नातीला तशीच भरवली.

सानवीला हाताला धरून त्या तडक शाळेत शिरल्या.

"घाला आत्ता गणित! माझ्यासमोर!"

"बा, तमे बेसो ने," बेन म्हणाल्या.

"बसायला नाही आले."

बेनचाही पारा चढला. "चाल सानवी. एक दोरी सव्वादोन मीटर. अशा सात दोऱ्या जोडल्या, तर किती लांब?"

सानवीनं मान खाली घातली.

"बोल ना गं! रोज पोपटासारखी बोलतेस!" शैलाताई कडाडल्या. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"कागद घे, बेटा," बेननी वही सरकवली. सानवीनं पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. मान वर करून म्हणाली, "आजी, लिहू?"

बेन आधी पोरीकडे, मग आजीकडे बघत राहिल्या. "लिहायची मनाई आहे का घरी?"

शैलाताईंची कानशिलं तापली. आता भांडायचं कुणाशी?

"लिही," त्या कशाबशा म्हणाल्या.

सानवी एकाखाली एक उतरवत, पुटपुटत गेली. "सव्वादोन. साडेचार. पावणेसात. नऊ. सव्वाअकरा. साडेतेरा. पावणेसोळा."

बेननी 'कॉपी'वर काट मारली. "वर्गातपण सांगीन. पण रीतीचे मार्क नहि मळे, बा."

"नका देऊ! पण वाचून दाखवलं तसंच मोठ्यानं सांगा."

"सांगीन."

रिक्षात सानवी हळूच म्हणाली, "आजी, उद्यापासून लिहिलं तर ठोठ नाही ना?"

शैलाताईंना स्वतःचाच असा संताप आला की बाहेर बघत त्या म्हणाल्या, "ठोठ म्हणणाऱ्याच्या तोंडात मार!" सासऱ्यांच्या, की स्वतःच्या, ते बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी पदर खोचला, परात पुढं ओढली आणि पीठ ओतून गव्हाच्या भाकरीची कणीक दणादणा मळायला घेतली.